पडद्याआडचा पसारा

घर कितीही नीटनेटके असले, तरी त्याला एक माळा असतोच. ओसरीवर बसलेल्या पाहुण्यास तो दिसत नाही. परंतु दिवाळीचा आकाशकंदील, लग्नकार्यात लागणारी मोठी पातेली, आजोबांची ट्रंक, पाय मोडलेली खुर्ची आणि कोणी व केव्हा ठेवले हे आता कोणासच आठवत नाही असे एखादे गाठोडे, ही सारी मंडळी तेथे सुखाने नांदत असतात. त्यांतील काही वस्तू वर्षातून एकदाच लागतात, पण त्या वेळी त्यांच्यावाचून अडते. काही वस्तू कधीच लागत नाहीत. आणि क्वचित एखाद्या गाठोड्याखाली विंचूही दडून बसलेला असतो. म्हणून शहाणा गृहस्थ माळा आवरताना दिवा घेऊन वर चढतो व प्रत्येक वस्तू हाती घेऊन पाहतो. डोळे मिटून सर्व काही खाली फेकत नाही.

आपल्या संगणकालाही असाच एक माळा असतो. समजा, एका विद्यार्थ्याने पेनड्राइव्हवर सहलीची दहा छायाचित्रे आणि एक निबंध एवढेच ठेवले. तो पेनड्राइव्ह त्याने दोन-चार निरनिराळ्या संगणकांना जोडला. काही दिवसांनी तो उघडून पाहतो, तो आत ‘.डीएस_स्टोअर’, ‘थम्ब्स.डीबी’, ‘डेस्कटॉप.आयएनआय’ अशी कधी न ऐकलेली नावे दिसतात. छायाचित्रांच्या नावांच्या जोडीला, आरंभी टिंब व अधोरेषा असलेली तीच नावे पुन्हा आढळतात आणि ती उघडू गेल्यास चित्र काही दिसत नाही. यांतील एकही फाइल त्याने लिहिलेली नसते. मग ही न बोलावता आलेली मंडळी आली कोठून? ती इतर वेळी दिसत का नाहीत? आणि ती पुसून टाकावीत की राहू द्यावीत? या तीन प्रश्नांची उत्तरे आपण क्रमाने पाहू.

संगणकाचा सर्व कारभार पाहणारी जी मुख्य आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा संचालन-प्रणाली असे म्हणतात. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, तसेच फोनवरील अँड्रॉइड या सर्व संचालन-प्रणालीच होत. तिचे काम शाळेच्या कार्यालयासारखे आहे. विद्यार्थ्यांना वर्ग दिसतो, फळा दिसतो, घंटा ऐकू येते. परंतु शाळा सुरळीत चालावी म्हणून कार्यालयात हजेरीपट, आवक-जावक वह्या, सामानाची नोंद आणि चाव्यांचा जुडगा हे सर्व सांभाळावे लागते. त्याचप्रमाणे कोणते फोल्डर कसे मांडून दाखवायचे, कोणती आज्ञावली कोणाच्या आवडीप्रमाणे चालवायची, अपुऱ्या राहिलेल्या कामाचे काय करायचे, याची टिपणे संचालन-प्रणालीला ठेवावी लागतात. ही टिपणे म्हणजेच त्या अनोळखी फायली. त्या नवशिक्याच्या डोळ्यांसमोर आल्या तर तो गोंधळेल, आणि त्याने चुकून त्या पुसल्या तर कदाचित यंत्रच बंद पडेल. म्हणून त्या दडवून ठेवण्याची चाल पडली.

दडवण्याची एक रीत फार जुनी आहे आणि तिचा जन्म मोठ्या गमतीने झाला. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संचालन-प्रणाली रचण्यास आरंभ केला. पुढे तीत फोल्डराच्या पोटी फोल्डर अशी रचना आली. या रचनेत ये-जा सोपी व्हावी म्हणून प्रत्येक फोल्डरात दोन खुणा ठेवण्यात आल्या. एक टिंब म्हणजे ‘हेच फोल्डर’ आणि दोन टिंबे म्हणजे ‘याच्या वरचे फोल्डर’. परंतु फायलींची यादी मागितली की या दोन खुणाही प्रत्येक वेळी यादीत उमटू लागल्या. त्या वगळण्यासाठी यादी करणाऱ्या आज्ञावलीत एक लहानशी अट घालण्यात आली. खरे पाहता ‘नाव केवळ एक टिंब किंवा केवळ दोन टिंबे असेल, तर ते वगळावे’ अशी ती अट हवी होती. पण तेवढे लिहिण्याचे श्रम वाचवून ‘नावाचे पहिले चिन्ह टिंब असेल, तर ते वगळावे’ एवढेच लिहिले गेले. पुढे त्याच संस्थेत काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ साली ही हकिकत लिहून प्रसिद्ध केली आणि घाईने केलेल्या लहान सोयीचे परिणाम किती दूर जातात, याचे उदाहरण म्हणून ती पुढे मांडली.

परिणाम खरोखरच दूरवर गेले. टिंबाने आरंभ होणारी कोणतीही फाइल यादीत दिसत नाही, हे ध्यानात येताच पुढील आज्ञावली-लेखकांनी आपापली टिपणे अशाच नावांनी वापरणाऱ्याच्या फोल्डरात ठेवण्यास सुरुवात केली. एकाने ठेवले, ते पाहून दुसऱ्याने ठेवले. जे दिसत नाही ते कोणाला खुपतही नाही! १९९१ साली जन्मलेल्या लिनक्सने ही रीत उचलली. मॅकओएस युनिक्सच्याच कुळातील असल्याने तेथेही ती आली. आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असल्यामुळे ती आपल्या हातांतील फोनपर्यंत येऊन पोहोचली. फोनमधील ‘.थंबनेल्स’ हे फोल्डर त्याच वंशातले. तेथेच कधी ‘.नोमीडिया’ नावाची एक फाइल आढळते. तिच्या आत काहीही नसले तरी चालते! या फोल्डरातील चित्रे व गाणी चित्रसंग्रहात दाखवू नयेत, एवढा निरोप ती केवळ आपल्या नावाने देत असते.

दुसरी रीत निराळी आहे. १९८१ साली आयबीएम कंपनीच्या वैयक्तिक संगणकाबरोबर डॉस ही संचालन-प्रणाली आली. तीत चकतीवरील प्रत्येक फायलीची नोंद ३२ बाइटांत केली जाई, आणि त्यांतील एक बाइट केवळ शेऱ्यांसाठी राखलेला असे. बाइटात आठ बिट असतात. त्यांतील एका बिटाचा अर्थ ‘ही फाइल दडलेली आहे’ असा आणि दुसऱ्या एकाचा ‘ही फाइल प्रणालीची आहे’ असा ठरवलेला होता. संगणक सुरू होण्यास अत्यावश्यक अशा दोन फायली या शेऱ्यांनी दडवून ठेवलेल्या असत, कारण त्या पुसल्या गेल्या तर त्या चकतीवरून यंत्र सुरूच होत नसे. विंडोजने हीच शेऱ्यांची पद्धत पुढे चालवली.

आता आपल्या विद्यार्थ्याच्या कोड्याचा उलगडा होतो. एका घराण्यात दडवण्याची खूण टिंब ही आहे, तर दुसऱ्या घराण्यात ती शेऱ्याची आहे. आणि एकाची खूण दुसऱ्यास बहुधा कळत नाही. विंडोजच्या दृष्टीने नावाच्या आरंभीचे टिंब हे इतर चिन्हांसारखेच एक चिन्ह होय. उलट, लिनक्स सामान्यतः डॉसच्या शेऱ्याकडे लक्ष देत नाही. म्हणून जो कागद स्वतःच्या घरी बेमालूम दडलेला असतो, तो दुसऱ्याच्या घरी जाताच उघडा पडतो. पेनड्राइव्ह गावोगाव फिरणाऱ्या पाहुण्यासारखा असल्याने, प्रत्येक घरचे कागद त्याच्या पिशवीत जमत जातात.

या कागदांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ‘.डीएस_स्टोअर’. २००१ साली ॲपल कंपनीने मॅक ओएस टेन ही नवी प्रणाली विक्रीस आणली. तीत फायली दाखवणाऱ्या फाइंडर या आज्ञावलीला प्रत्येक फोल्डरातील चिन्हांच्या जागा, खिडकीचा आकार व मांडणीची पद्धत लक्षात ठेवावी लागे, आणि ती माहिती या फायलीत त्याच फोल्डरात लिहिली जाई. यात आक्षेपार्ह असे काहीच नव्हते. परंतु वापरणाऱ्याने मांडणीत फेरफार केला तरच ही फाइल निर्माण व्हावी, असा मूळ हेतू असताना, नुसते फोल्डर उघडले तरी ती निर्माण होऊ लागली. फाइंडरच्या पुनर्लेखनाचे नेतृत्व करणाऱ्या अभियंत्यानेच २००६ साली हा दोष असल्याचे लिहिले आहे. पुढे तक्रारी वाढल्यावर, निदान जाळ्यातील सामाईक फोल्डरांत तरी ही फाइल लिहू नये, अशी सोय कंपनीने उपलब्ध करून दिली.

टिंब व अधोरेषा यांनी आरंभ होणाऱ्या जोडफायलींचे मूळ त्याहूनही जुने आहे. १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकात प्रत्येक फायलीचे दोन भाग असू शकत. एकात प्रत्यक्ष मजकूर असे व दुसऱ्यात चिन्हे व इतर जोडसामान असे. पेनड्राइव्हवरील सामान्य रचनेत मात्र एका फायलीला एकच भाग असतो. मग उरलेले जोडसामान ठेवायचे कोठे? त्यासाठी शेजारी दुसरी लहान फाइल करावी लागते. मोटारीतील किंवा दूरदर्शन-संचातील यंत्राला पेनड्राइव्ह जोडला असता प्रत्येक गाणे कधी कधी दोनदा दिसते आणि त्यांतील एक वाजतच नाही, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

विंडोजची ‘थम्ब्स.डीबी’ ही फाइलही अशीच सोयीतून जन्मली. फोल्डरातील छायाचित्रांच्या लहान प्रतिमा प्रत्येक वेळी नव्याने करण्यात वेळ जातो. म्हणून एकदा केलेल्या प्रतिमा या फायलीत साठवल्या जात. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये छायाचित्रांच्या फोल्डराफोल्डरात ही फाइल आढळे. २००७ साली सर्वांसाठी विक्रीस आलेल्या विस्टा प्रणालीपासून या प्रतिमा एकाच मध्यवर्ती ठिकाणी ठेवण्याचा सुज्ञ बदल करण्यात आला. तरी जाळ्यातील सामाईक फोल्डरांत ती पुढेही दिसत राहिली.

येथे एक गंभीर गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मूळ छायाचित्र पुसले, तरी त्याची लहान प्रतिमा या फायलीत शिल्लक राहू शके. छायाचित्र नाहीसे झाले असे मालकाला वाटे, परंतु त्याची सावली माळ्यावर पडून असे. गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या तज्ज्ञांनी अशा प्रतिमांचा पुरावा म्हणून उपयोग केला आहे. कोणास तपासात साह्य झाले, हे चांगलेच. पण त्याचबरोबर सामान्य माणसाची खाजगी वस्तूही त्याच्या नकळत मागे राहते, हे विसरता कामा नये. जुना संगणक किंवा पेनड्राइव्ह दुसऱ्यास देताना केवळ दिसणाऱ्या फायली पुसणे पुरेसे नसते, ते यामुळेच.

मात्र दडलेली प्रत्येक फाइल ही अडगळ असते, असे समजणे मोठी चूक ठरेल. विंडोजच्या चकतीवर ‘पेजफाइल.सिस’ नावाची एक फार मोठी फाइल असते. संगणकाची कार्यकारी स्मृती अपुरी पडू लागली की तिच्यातील काही भाग तात्पुरता या फायलीत ठेवला जातो. कार्यकारी स्मृतीला अशी चकतीसारख्या साठ्याची जोड देण्याची युक्ती इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ॲटलस या संगणकात प्रथम प्रत्यक्षात आली. ‘हायबरफिल.सिस’ ही दुसरी फाइल, संगणक गाढ झोपी जाताना चालू असलेले काम जपून ठेवते, म्हणून जागा होताच आपण सोडले तेथून पुढे काम करू शकतो. प्रणालीची नवी आवृत्ती बसवल्यावर जुनी आवृत्ती ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात राखली जाते, ती नवी पसंत न पडल्यास मागे परतता यावे म्हणून. आणि विंडोज १० व ११ मध्ये साधारणतः १० दिवसांनी ती आपोआप काढली जाते. या वस्तू जागा अडवतात खऱ्या. पण लग्नकार्यातील पातेल्यांप्रमाणे त्यांचे प्रयोजन ठरलेले असते.

आता विंचवाकडे वळू. दडवण्याची सोय जशी सज्जनाला उपयोगी, तशी ती दुर्जनालाही उपयोगी पडते. फायलीच्या नावाचा शेवटचा भाग तिची जात सांगतो. परंतु तो भाग विंडोज मूळ मांडणीत दाखवत नाही. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या उपद्रवी आज्ञावलीने याचाच फायदा घेतला. पत्रासोबत आलेल्या फायलीच्या नावाला दोन शेपट्या होत्या. साध्या मजकुराची शेपटी दिसे आणि तिच्यामागची, आज्ञावलीची खरी शेपटी दडलेली राही. प्रेमपत्र म्हणून लोकांनी ती उघडली आणि त्यांच्या संगणकांतील फायलींची नासधूस होऊन तेच पत्र त्यांच्या परिचितांनाही धाडले गेले.

पेनड्राइव्हवरून पसरणारे काही उपद्रवी प्रकार आणखी निराळी चाल खेळतात. ते आपल्या खऱ्या फोल्डरांवर ‘दडलेले’ व ‘प्रणालीचे’ असे दोन्ही शेरे मारतात आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे खोटे शॉर्टकट ठेवतात. वापरणारा त्यावर क्लिक करतो; त्यासरशी उपद्रवी आज्ञावली चालू होते आणि संशय येऊ नये म्हणून खरे फोल्डरही उघडते. पुढे कोणी ते शॉर्टकट पुसले, तर पेनड्राइव्ह रिकामा दिसतो. वर्षभराचे काम गेले असे समजून विद्यार्थी हताश होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, पेनड्राइव्ह ‘फॉरमॅट’ करून मोकळा होतो. वस्तुतः त्या वेळेपर्यंत पुष्कळदा एकही फाइल गेलेली नसते. केवळ तिच्यावर दोन शेरे चढलेले असतात. प्रथम विषाणुरोधक आज्ञावलीने तपासणी करून, जाणकाराच्या साह्याने ‘ॲट्रिब’ या आज्ञेने ते शेरे उतरवले की सर्व काम जसेच्या तसे परत मिळू शकते. जे दिसत नाही ते नाहीसे झाले, असा तर्क करण्याची घाई किती महागात पडते, हे यावरून कळून येईल.

मग आपण काय करावे? पहिली गोष्ट, माळ्यावर दिवा कसा न्यावा हे शिकून घ्यावे. विंडोजमध्ये ‘व्ह्यू’ या यादीत ‘हिडन आयटम्स’ निवडले असता बहुतेक दडलेल्या फायली दिसू लागतात. तेथेच फायलींच्या शेपट्या दाखवण्याचीही सोय असते आणि ती नेहमी चालू ठेवणे हिताचे असते. मॅकओएसमध्ये कमांड, शिफ्ट आणि टिंब या तीन कळा एकत्र दाबाव्यात. लिनक्सच्या अनेक मांडण्यांत कंट्रोल व एच या कळा हेच काम करतात. दुसरी गोष्ट, फायलीचे नाव वाचून ती कोणाची व कशासाठी, याची चौकशी करावी. ‘.डीएस_स्टोअर’ किंवा ‘थम्ब्स.डीबी’ पुसल्याने मांडणी किंवा लहान प्रतिमा तेवढ्या जातात, मूळ वस्तूला धक्का लागत नाही. उलट, जिची ओळख पटत नाही ती फाइल हाताने कधीही पुसू नये. तिसरी गोष्ट, प्रणालीने साठवलेली अडगळ प्रणालीकडूनच काढून घ्यावी. विंडोजमधील ‘डिस्क क्लीनअप’ किंवा सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ हा विभाग याचसाठी असतो. आणि महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवलेली असावी, हे तर सांगावयासच नको.

एवढी दक्षता वापरणाऱ्याने घ्यावी, हे योग्यच. पण सर्व भार त्याच्यावरच टाकणे न्यायाचे होणार नाही. आपली टिपणे आपल्याच घरात ठेवावीत, दुसऱ्याच्या अंगणात टाकू नयेत, हा साधा शेजारधर्म यंत्र रचणाऱ्यांनीही पाळला पाहिजे. तो पाळता येतो, हे लहान प्रतिमा एका ठिकाणी ठेवणाऱ्या विस्टाच्या उदाहरणावरून दिसलेच आहे. लिनक्सच्या जगातही, आवडीनिवडींची टिपणे एका ठरलेल्या फोल्डरात आणि तात्पुरता साठा दुसऱ्या ठरलेल्या फोल्डरात ठेवावा, असा संकेत रूढ होत गेला आहे.

आज या पाठाचे वाचन करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या स्वतः आज्ञावल्या लिहितील. त्यांनी एका टिंबाची कथा मनात ठेवावी. एक अट नीट लिहिण्याचे श्रम एकदा वाचवले गेले, आणि अर्धशतकानंतरही असंख्य लोकांच्या संगणकांत त्या काटकसरीची अडगळ साठतच आहे. कोणी पाहत नसताना केलेले कामही नीटच केले पाहिजे, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. यंत्रांच्या या नव्या जगात त्या उपदेशाची गरज तिळमात्रही कमी झालेली नाही.

स्वाध्याय

१. संचालन-प्रणालीची तुलना शाळेच्या कार्यालयाशी का केली आहे?
२. फाइल दडवण्याच्या दोन रीती कोणत्या? एका प्रणालीत दडलेली फाइल दुसऱ्या प्रणालीत उघडी का पडते?
३. ‘विंचू’ या शब्दाने लेखकाने काय सुचवले आहे? दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. पेनड्राइव्ह रिकामा दिसल्यास तो लगेच ‘फॉरमॅट’ का करू नये?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : अडगळ, बेमालूम, प्रयोजन, शेजारधर्म.
६. शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या संगणकावर दडलेल्या फायली दाखवण्याची सोय चालू करा. दिसलेल्या पाच फायलींची नावे लिहून, त्या कोणाच्या व कशासाठी आहेत याचा शोध घ्या.